स्प्रिंग सिक्युरिटी वेब फ्रेमवर्कला जोडताना पाणी कुठे मुरतं

लॉगिनचं पान दिसलं, चुकीच्या पासवर्डला नकार मिळाला, बरोबर पासवर्डला आत जाता आलं, की बहुतेक टीममध्ये 'सिक्युरिटीचं काम झालं' म्हणून तिकीट बंद होतं. एवढं काम स्प्रिंग सिक्युरिटी (जावाच्या 'स्प्रिंग' फ्रेमवर्कबरोबर येणारी, लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारी लायब्ररी) दहा-पंधरा ओळींच्या कॉन्फिगरेशनमध्ये करून देते, त्यात काही अवघड नाही. खरी गोम पुढे आहे. ही लायब्ररी आणि तुमचं वेब फ्रेमवर्क (स्ट्रट्स, जेएसएफ, विकेट, वाडिन, अगदी तिच्याच घरचं स्प्रिंग एमव्हीसीसुद्धा) एकाच रिक्वेस्टकडे दोन वेगळ्या नजरांनी पाहतात. त्या नजरांत जिथे फरक पडतो तिथे भोक राहतं. आणि हे भोक गुपचूप राहतं: एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, फक्त ज्याला जे दिसायला नको ते त्याला दिसतं.

म्हणून हा लेख 'कॉन्फिगरेशन कसं लिहायचं' याबद्दल नाही. त्या दोघांची गाठ कुठे पडते आणि ती कुठे सैल राहते, ते समजून घेऊ. एकदा ते कळलं की कॉन्फिगरेशन डॉक्युमेंटेशन उघडून कोणीही लिहू शकतं.

गाठ पडते ती फिल्टरमध्ये

जावाच्या वेब जगात फ्रेमवर्क कोणतंही असो, पायाशी सर्व्हलेट, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणारा जावा कोड असतो. ब्राउझरकडून आलेली रिक्वेस्ट आधी टॉमकॅटसारख्या कंटेनरकडे जाते, तिथून ओळीनं लावलेल्या फिल्टरमधून (रिक्वेस्ट वाटेत तपासणारे तुकडे), आणि शेवटी सर्व्हलेटकडे. फिल्टरची सोय सर्व्हलेट २.३ मध्ये, म्हणजे २००१ साली आली. त्यानंतर २००३ च्या अखेरीस बेन ॲलेक्स यांनी स्प्रिंगसाठी 'एसेगी सिक्युरिटी' नावाचा प्रकल्प सुरू केला. इंग्रजी मुळाक्षरांतलं पहिलं, तिसरं, पाचवं, सातवं आणि नववं अक्षर ओळीनं लिहिलं की ते नाव तयार होतं. प्रोग्रामरनी ठेवलेलं नाव आहे हे सांगायची गरजच नाही. २००८ मध्ये २.० आवृत्तीबरोबर त्याचं 'स्प्रिंग सिक्युरिटी' झालं.

कंटेनरच्या दृष्टीनं ही सगळी लायब्ररी म्हणजे फक्त एक फिल्टर. त्याचा प्रकार 'डेलिगेटिंग फिल्टर प्रॉक्सी', आणि वेब डॉट एक्सएमएलमध्ये (कंटेनरला ॲप्लिकेशनची मांडणी सांगणारी फाइल) त्याचं नाव 'स्प्रिंगसिक्युरिटीफिल्टरचेन' असंच ठेवावं लागतं, कारण तो स्प्रिंगमध्ये त्याच नावाचं बीन, म्हणजे स्प्रिंगनं तयार केलेला ऑब्जेक्ट, शोधतो. नाव हौसेनं बदललं की ॲप्लिकेशन सुरूच होत नाही. ते बरंच म्हणायचं, निदान चूक लगेच कळते. या एका फिल्टरच्या पोटात लहान लहान फिल्टरांची साखळी असते: कोणी सेशनमधून युजरची ओळख काढतो, कोणी सीएसआरएफ टोकन (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली, दुसऱ्या साइटनं फसवून पाठवली नाही, याची खूण) तपासतो, कोणी लॉगिनचा फॉर्म हाताळतो, आणि अगदी शेवटी 'याला परवानगी आहे का' हे ठरवणारा. त्या शेवटच्याच्या अलीकडे नकाराचं भाषांतर करणारा एक फिल्टर बसलेला असतो. लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवायचं, लॉगिन असून हक्क नसेल तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' हा कोड द्यायचा, हे त्याचं काम. तो पुढे पुन्हा लागेल.

स्ट्रट्स २ वापरत असाल तर पहिला धोका इथेच आहे. स्ट्रट्स २ हाही सर्व्हलेट नसून फिल्टरच आहे. वेब डॉट एक्सएमएलमध्ये फिल्टर चालतात ते मॅपिंग ज्या क्रमानं लिहिलं त्या क्रमानं. स्ट्रट्सचं मॅपिंग वर असलं तर तो आपली ॲक्शन (त्या पत्त्याचं काम करणारा क्लास) चालवून उत्तर देऊन मोकळा होतो, रिक्वेस्ट पुढे सरकतच नाही. मागे उभ्या असलेल्या सिक्युरिटीला अशी कोणी रिक्वेस्ट आली होती हेही कळत नाही. सिक्युरिटीचं मॅपिंग वर, स्ट्रट्सचं खाली. यात तडजोड नाही.

पत्ता एक, वाचणारे दोन

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. सिक्युरिटी बाहेर उभी आहे, तिच्याकडे फक्त यूआरएल आहे. आत कोणता कोड चालणार हे तिला माहीत नसतं. ते फ्रेमवर्क ठरवतं, आणि तेही यूआरएल वाचूनच. म्हणजे एकच पत्ता दोघं स्वतंत्रपणे वाचतात.

उदाहरण अगदी जवळून पाहू. नियम लिहिला: '/अॅडमिन' हा पत्ता फक्त ॲडमिन भूमिकेला. त्याखाली दुसरा नियम: बाकी सगळं, लॉगिन केलेल्या कुणालाही. वाचायला चोख. पण जुन्या पद्धतीचा ॲन्ट मॅचर (पत्ता नियमाशी जुळतो का ते पाहणारा कोड) '/अॅडमिन' म्हणजे तंतोतंत '/अॅडमिन' एवढंच धरतो. शेवटी एक तिरकी रेघ जास्त टाकून '/अॅडमिन/' लिहिलं, तर पहिला नियम लागत नाही, दुसरा लागतो. सिक्युरिटी म्हणते, 'लॉगिन आहे ना? जा आत.' पुढे स्प्रिंग एमव्हीसी बसलेलं. ते आवृत्ती ६ येईपर्यंत शेवटच्या तिरक्या रेघेकडे काणाडोळा करायचं. '/अॅडमिन' आणि '/अॅडमिन/' दोन्हींना तोच कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा तोच क्लास. झालं. साधा युजर एक रेघ जास्त टाइप करून ॲडमिनच्या पानावर. याहून जुन्या आवृत्त्यांत '/अॅडमिन.जेसन' असं शेपूट लावलं तरी तोच कंट्रोलर चालायचा.

दोन्ही लायब्रऱ्या आपापल्या जागी बरोबर होत्या, हे इथे लक्षात घ्या. कोणाच्याही कोडमध्ये बग नव्हता. बग होता तो दोघांच्या मधल्या फटीत.

हा प्रकार पुन्हा पुन्हा घडला आहे, आणि सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत त्याच्या नोंदी आहेत. सीव्हीई-२०१६-५००७ मध्ये पत्त्यातल्या मोकळ्या जागा एमव्हीसी छाटून टाकत होतं आणि सिक्युरिटी तशाच ठेवत होती. सीव्हीई-२०२३-२०८६० मध्ये सुरुवातीला तिरकी रेघ नसलेला दोन फुल्यांचा पॅटर्न दोघांनी वेगवेगळ्या अर्थानं घेतला. ही एकट्या स्प्रिंगची खोड आहे असंही नाही. अपाचे शिरो ही दुसरी लोकप्रिय सिक्युरिटी लायब्ररी स्प्रिंगच्या कंट्रोलरबरोबर वापरताना सीव्हीई-२०२०-१९५७ निघाला: खास घडवलेल्या पत्त्यानं शिरोची तपासणी चुकवता येत होती.

स्ट्रट्समध्ये हीच फट वेगळ्या रूपात येते. तिथे उद्गारचिन्ह लावून ॲक्शनची कोणतीही मेथड थेट बोलावण्याची सोय होती: 'युजर!डिलीट.ॲक्शन' लिहा, युजर ॲक्शनची डिलीट मेथड चालली. आता नियम जर 'युजर.ॲक्शन' या पत्त्यावर असेल, तर या दुसऱ्या पत्त्याला तो लागेलच कसा? ही सोय २०१३ च्या २.३.१५.२ पासून मुळात बंद करून मिळते. पण जुन्या ॲप्लिकेशनमध्ये कोणीतरी ती हातानं चालू करून ठेवलेली असते आणि का केली होती हे सांगणारा माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. शोधून बंद करा.

यावरचा माझा इलाज साधा आहे, आणि तो क्रमात आहे. स्प्रिंग सिक्युरिटीत नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला जुळला तो लागू, खालचे पाहिलेच जात नाहीत. म्हणून शेवटचा नियम 'बाकी सगळ्याला मनाई' असा ठेवायचा. 'बाकी सगळं लॉगिन केलेल्याला' हा नियम सोयीचा वाटतो, पण वरच्या उदाहरणात भोक त्यानंच पाडलं. सगळं बंद ठेवून एकेक दार उघडलं, तर एखादं दार उघडायचं विसरल्यावर युजर तक्रार घेऊन येतो. सगळं उघडं ठेवून एकेक बंद केलं, तर विसरलेलं दार ज्याला सापडतं तो तक्रार करायला येत नाही. दुसरं म्हणजे, नेमका पत्ता लिहिण्याऐवजी त्याखालचं सगळं झाड धरावं: '/अॅडमिन' पुढे तिरकी रेघ आणि दोन फुल्या. हा पॅटर्न '/अॅडमिन', '/अॅडमिन/' आणि त्याखालचं सगळं पकडतो. स्प्रिंग एमव्हीसी असेल तर पत्ता एमव्हीसीच्याच पद्धतीनं वाचणारा मॅचर वापरावा. सिक्युरिटी ६ मध्ये जुने ॲन्ट आणि एमव्हीसी मॅचर काढून 'रिक्वेस्टमॅचर्स' ही एकच मेथड ठेवली आहे, आणि एमव्हीसी सापडलं तर ती आपणहून त्याची पद्धत धरते.

पत्ता बदलतच नाही तेव्हा

वरचं सगळं एक गृहीत धरून चाललंय: पान बदललं की यूआरएल बदलते. जेएसएफ हे गृहीतक मोडीत काढतं. तिथे फॉर्म सबमिट होतो तो ज्या पानावर आहात त्याच पत्त्यावर. मग आतलं नेव्हिगेशन ठरवतं की आता दुसरं पान दाखवायचं, आणि त्याच रिक्वेस्टमध्ये ते दुसरं पान रंगवून परत पाठवतं. ब्राउझरच्या पट्टीवर जुनाच पत्ता राहतो, एक पाऊल मागे. सिक्युरिटीनं तपासला तो यादीच्या पानाचा पत्ता, युजरला दिसलं ॲडमिनचं पान. नेव्हिगेशनच्या निकालाला 'फेसेस रीडायरेक्ट' जोडलं की ब्राउझर नव्यानं रिक्वेस्ट करतो आणि ती फिल्टरमधून जाते. जेएसएफबरोबर पत्त्यावरचे नियम वापरायचे असतील तर ही सवय सगळ्या पानांवर हवी, एखाददुसऱ्यावर नाही.

जेएसपी (सर्व्हरवर एचटीएमएल तयार करणारी पानं) वापरणाऱ्यांची अडचण बरोबर उलटी. तिथे कंट्रोलर किंवा ॲक्शन सर्व्हरच्या आतल्या आत जेएसपीकडे फॉरवर्ड करते. पूर्वी सिक्युरिटी ही आतली उडी तपासत नसे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.० पासून ती फॉरवर्डही तपासते. म्हणून अपग्रेड केल्यावर कालपर्यंत चालणारी पानं अचानक ४०३ देऊ लागतात, किंवा लॉगिनचं पान स्वतःकडेच गोल गोल फिरत राहतं. पासवर्ड, भूमिका, डेटाबेस सगळं तपासून लोक थकतात. कारण एवढंच असतं की लॉगिनच्या जेएसपीकडे जाणाऱ्या फॉरवर्डलाही आता परवानगी लागते. डिस्पॅचरच्या प्रकारावर (रिक्वेस्ट बाहेरून आली, आतून फॉरवर्ड झाली की एररमुळे आली यावर) नियम लिहून फॉरवर्ड आणि एरर यांना मोकळीक द्यायची, प्रश्न मिटतो.

वाडिन आणखी पुढे जातं. तिथे ॲप्लिकेशनमधला बराचसा वावर पडद्यामागे एकाच पत्त्यावरच्या देवाणघेवाणीतून होतो, तेव्हा पत्त्यावरच्या नियमांना धरायला काही उरतच नाही. म्हणून वाडिन स्वतःच्या व्ह्यूवर ॲनोटेशन लावून परवानगी ठरवायची सोय देतं आणि स्प्रिंग सिक्युरिटीला लागणारं तयार कॉन्फिगरेशनही सोबत देतं. ते वापरा, हातानं लिहायचा उत्साह इथे अंगाशी येतो. विकेटमध्ये परवानगी ठरवायची व्यवस्था थेट कंपोनंटपर्यंत जाते. एखादं बटण कोणाला दिसावं, कोणाला दाबता यावं, हे तिथेच ठरतं.

कोण आहे हे आत कसं कळतं

ओळख पटल्यावर ती माहिती फ्रेमवर्कपर्यंत पोचायची वाट दुहेरी आहे. एक, सिक्युरिटी रिक्वेस्टवर आपलं वेष्टन चढवते. त्यामुळे स्प्रिंगचं नावही न ऐकलेलं फ्रेमवर्क सर्व्हलेटच्या नेहमीच्या मेथडनं 'युजर कोण' आणि 'याची भूमिका अमुक आहे का' हे विचारू शकतं. इथे एक बारीक खडा लागतो: भूमिका विचारताना 'ॲडमिन' म्हटलं की लायब्ररी त्याच्या आधी 'रोल' आणि अधोरेषा हा उपसर्ग लावून शोधते. डेटाबेसमध्ये नुसतं 'ॲडमिन' साठवलं असेल तर उत्तर कायम 'नाही'. एकतर उपसर्गासकट साठवा, नाहीतर भूमिकेऐवजी ऑथॉरिटी (उपसर्ग न लावता तपासलं जाणारं हक्काचं नाव) तपासा.

दुसरी वाट थ्रेडची, म्हणजे रिक्वेस्टचं काम ज्या धाग्यावर चालतं त्याची. चालू युजरची ओळख त्या रिक्वेस्टच्या थ्रेडला बांधलेली असते, म्हणून कोडमध्ये कुठूनही ती मागता येते. पण ईमेल पाठवायला किंवा अहवाल बनवायला नवा थ्रेड काढला, की तिथे युजर कोणीच नसतो. यावर 'ओळख नव्या थ्रेडला वारशानं द्या' असाही एक पर्याय आहे. थ्रेड पूल (पुन्हा पुन्हा वापरायच्या थ्रेडचा साठा) असेल तर त्या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका. पूलमधला थ्रेड ज्याच्या रिक्वेस्टमध्ये पहिल्यांदा जन्मला त्याची ओळख घेऊन बसतो आणि पुढे दुसऱ्याच कोणाचं काम त्या नावानं करतो. त्यापेक्षा लायब्ररीतच दिलेला, प्रत्येक कामाबरोबर ओळख बांधून देणारा एक्झिक्युटर वापरावा.

ॲनोटेशन लावलं, पण कोणी वाचलं का?

यूआरएलचे नियम असे निसरडे असतील तर मेथडवरच परवानगी लिहावी, हा विचार योग्यच आहे. 'प्रीऑथोराइझ' ॲनोटेशन त्यासाठीच आहे. पण ते चालतं कसं हे माहीत हवं. स्प्रिंग तुमच्या ऑब्जेक्टभोवती प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ ऑब्जेक्ट, गुंडाळतं आणि बाहेरून येणारा कॉल आधी प्रॉक्सीत तपासला जातो. ऑब्जेक्ट स्प्रिंगनं तयार केला असेल तरच हे घडतं. स्ट्रट्सची ॲक्शन, जेएसएफचं मॅनेज्ड बीन, विकेटचं पान हे फ्रेमवर्क स्वतः जन्माला घालतं. त्यांच्यावर कितीही ॲनोटेशन लावा, ती नुसती शोभेची. कोड वाचणाऱ्याला मात्र वाटतं की इथे बंदोबस्त आहे, आणि मला हा प्रकार उघड्या दारापेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

स्प्रिंग एमव्हीसीतही हे होतं. सिक्युरिटीचं कॉन्फिगरेशन मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये (स्प्रिंगची बीन ठेवायची जागा) आणि कंट्रोलर डिस्पॅचर सर्व्हलेटच्या पोटकॉन्टेक्स्टमध्ये अशी जुनी मांडणी असेल, तर मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये चालू केलेली मेथड सिक्युरिटी कंट्रोलरपर्यंत पोचत नाही. शिवाय एका क्लासमधल्या मेथडनं त्याच क्लासमधली दुसरी मेथड बोलावली की प्रॉक्सी वाटेतच येत नाही. आणि मेथड सिक्युरिटी चालू करणारं ॲनोटेशन कॉन्फिगरेशनवर लावायचं राहिलं, तर सगळ्याच ॲनोटेशनकडे बिनबोभाट दुर्लक्ष होतं.

म्हणून परवानगीची तपासणी सर्व्हिसच्या थरात ठेवावी. सर्व्हिस स्प्रिंगचीच बीन असतात, वरचं फ्रेमवर्क कोणतंही असो. उद्या स्ट्रट्स काढून दुसरं काही आणलं तरी तपासणी जागेवर राहते. यूआरएलचे नियम तरीही लागतातच, पण मग त्यांच्यातल्या एखाद्या चुकीनं सगळा डोलारा कोसळत नाही.

नकार वाटेतच हरवतो

मघाशी म्हटलं तो नकाराचं भाषांतर करणारा फिल्टर. सर्व्हिसनं परवानगी नाकारली की एक एक्सेप्शन फेकलं जातं, ते वर वर चढत या फिल्टरपर्यंत पोचलं तरच त्याचं ४०३ किंवा लॉगिनचं पान होतं. दुसऱ्या एक्सेप्शनच्या आत गुंडाळून आलं तरी तो ते सोलून काढतो. पण वाटेत फ्रेमवर्कचा 'काहीही झालं तरी मी पकडतो' असा हँडलर बसला असेल, तर एक्सेप्शन तिथेच गिळलं जातं आणि युजरला 'काहीतरी बिघडलं' असं पान दिसतं. अशा हँडलरनं सिक्युरिटीची एक्सेप्शन तशीच पुढे फेकली पाहिजेत.

एजॅक्समध्ये, म्हणजे पान न बदलता मागून रिक्वेस्ट जाते तिथे, हाच प्रश्न आणखी चक्रावून टाकतो. सेशन संपलं, युजरनं बटण दाबलं, सिक्युरिटीनं लॉगिनकडे रीडायरेक्ट केलं, ब्राउझरनं ते मुकाट पाळलं आणि लॉगिनचं एचटीएमएल आणून जेएसएफच्या हाती दिलं. जेएसएफ विशिष्ट एक्सएमएलची वाट पाहत होतं. बटण मेल्यासारखं गप्प. इथे स्वतःचा एंट्री पॉइंट (लॉगिन नसलेल्याला काय उत्तर द्यायचं ते ठरवणारा कोड) लिहावा लागतो: रिक्वेस्टच्या हेडरमध्ये 'पार्शल एजॅक्स' दिसलं तर जेएसएफला कळेल अशा एक्सएमएलमध्ये रीडायरेक्ट सांगायचं.

बाकीचे खाचखळगे थोडक्यात. सीएसआरएफ संरक्षण चालू असताना फ्रेमवर्कच्या फॉर्ममध्ये टोकन हातानं घालावं लागू शकतं, आणि लॉगआउटही साध्या लिंकनं होत नाही, पोस्ट लागतो. फाइल अपलोडच्या फॉर्ममध्ये टोकन असूनही ४०३ आला, तर मल्टिपार्ट (फाइल आणि बाकी रकाने एकत्र पाठवायचं रूप) उलगडण्याआधीच सिक्युरिटी टोकन शोधतेय का ते पाहा. यूआरएलमध्ये अर्धविराम आणि जेसेशनआयडी (सेशनचा क्रमांक) चिकटवण्याची सवय सिक्युरिटीच्या फायरवॉलला चालत नाही, रिक्वेस्ट फेटाळली जाते. सेशन फक्त कुकीनं चालवा. लॉगिनचं पान उघडंबोडकं दिसत असेल तर सीएसएसला परवानगी द्यायची राहिली आहे. आणि लॉगिननंतर युजर थेट एखाद्या सीएसएस फाइलच्या मजकुरावर जाऊन पडत असेल, तर कारण तेच: अडवलेली शेवटची रिक्वेस्ट त्या फाइलची होती, आणि लायब्ररीनं ती लक्षात ठेवून इमानेइतबारे परत नेऊन सोडलं.

हे सगळं तपासायचं तर लॉगची पातळी स्प्रिंग सिक्युरिटीच्या पॅकेजसाठी ट्रेसवर न्या. कोणती रिक्वेस्ट कोणत्या फिल्टरमधून गेली आणि कुठे अडली ते ओळीनं दिसतं. मॉक एमव्हीसीच्या (खऱ्या सर्व्हरशिवाय चालणाऱ्या) चाचण्या स्प्रिंग एमव्हीसीपुरत्या ठीक; स्ट्रट्स किंवा जेएसएफ त्यांच्या वाटेत येतच नाही, म्हणून तिथे खरा कंटेनर चालवून खऱ्या रिक्वेस्ट पाठवाव्या लागतात. प्रत्येक भूमिकेनं, प्रत्येक बंद पत्त्यावर, आणि त्याच पत्त्याच्या वाकड्या रूपांवरही: शेवटी रेघ, मध्ये दोन रेघा, मोठी-लहान अक्षरं, मागे शेपूट. अपेक्षित उत्तर ४०० (फायरवॉलनंच फेटाळलं तर), ४०३, ४०४ किंवा लॉगिनकडे रीडायरेक्ट. २००, म्हणजे 'सगळं ठीक', आलं तर तो पत्ता घ्या आणि फ्रेमवर्कनं त्यावर नेमका कोणता कोड चालवला ते बघा.